ट्रॅक डेला गाडी नेताय? इंजिन राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला

आपली रोजची गाडी खऱ्याखुऱ्या रेसिंग ट्रॅकवर पळवायची हौस आता फक्त श्रीमंतांची राहिलेली नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे अशा ठिकाणी ‘ट्रॅक डे’ होतात. ही रेस नसते. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, कप देत नाहीत. ठरलेली फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांमध्ये गाडी मनसोक्त पळवायची. ना समोरून ट्रक, ना मध्येच आडवी येणारी म्हैस.

तयारी म्हटली की बहुतेकांच्या डोक्यात आधी येतं ते इंजिन. मग रिमॅप, मोठा सायलेन्सर, नवे अलॉय व्हील. ट्रॅकवर मात्र साध्या गाडीचं इंजिन सहसा तग धरतं. आधी हात टेकतात ते ब्रेक, आणि तेही एखाद्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, नेमके जिथे त्यांची सगळ्यात जास्त गरज असते तिथे.

दिलासा एवढाच की यातला सगळ्यात मोठा धोका टाळायला सगळ्यात कमी खर्च येतो.

ब्रेक मारल्यावर नेमकं काय होतं?

ब्रेक गाडीचा वेग ‘गिळत’ नाही, त्याची उष्णता करतो. पॅड डिस्कवर घासतात, डिस्क तापते आणि ती उष्णता हवेत जाते. एवढंच त्याचं काम. त्यामुळे ट्रॅकसाठी ब्रेक तयार करायचे म्हणजे ही उष्णता सांभाळायची सोय करायची.

उष्णता किती? एक साधा हिशोब करून बघू. चालकासह १,२०० किलोची हॅचबॅक आहे. सरळ पट्ट्यावर ती ताशी १६० किलोमीटरला पोहोचली आणि वळणासाठी ६० वर आणली. या एका ब्रेकमध्ये साधारण १० लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. तेवढ्या उष्णतेत सुमारे तीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. घरच्या गॅसला ज्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, ते काम ब्रेक तीन-चार सेकंदांत करतात.

यातला मोठा वाटा, साधारण ७० टक्के, पुढच्या दोन चाकांवर येतो, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढची एक डिस्क सहा किलोची धरली, तर अशा एका ब्रेकमध्ये तिचं तापमान शंभर-सव्वाशे अंशांनी वाढतं. पुढचं वळण येईपर्यंत ती थोडी निवते, पण पूर्ण निवत नाही. मग दुसरा ब्रेक, तिसरा, चौथा. बुद्ध सर्किटची एक फेरी सव्वापाच किलोमीटरला थोडी कमी भरते, त्यात १६ वळणं आहेत आणि तिसऱ्या-चौथ्या वळणामधला सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. वीस मिनिटांच्या सत्रात अशा सात-आठ फेऱ्या सहज होतात.

घाटाशी तुलना केली तर हे नीट कळतं. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. कुणी हा सगळा उतार गाडी न्यूट्रलमध्ये टाकून फक्त ब्रेकवर उतरला (असं करायचं नसतं, पण करणारे भेटतात), तर ब्रेकवर येणारी उष्णता वर सांगितलेल्या सहा-सात ब्रेकइतकी असते. घाटाखाली जळका वास मारणारी चाकं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अंदाज येईल. ट्रॅकवर एका सत्रात असे कितीतरी घाट उतरून होतात.

‘ऑइल’ नावाचं पण ऑइल नसलेलं

गॅरेजमध्ये ज्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात ते तेल नाही. आजच्या बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल प्रकारचं द्रव असतं. नावाच्या घोळात कुणी टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतलं तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडून दुरुस्त करावी लागते.

या द्रवाचं काम सोपं आहे. पायाने पेडल दाबलं की तो दाब मास्टर सिलिंडरमधून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोहोचवायचा. द्रव दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोहोचतो. अडचण येते ते द्रव उकळलं की. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ आकसते. मग पेडल दाबल्यावर पॅड डिस्कला चिकटण्याऐवजी फक्त बुडबुडे दबतात. पेडल स्पंजासारखं लागतं, कधी थेट तळाला टेकतं. गाडी तशीच पुढे जाते.

डबीवर ‘डॉट’ आणि एक आकडा लिहिलेला असतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावावरून हे मानक आलं आहे. त्यानुसार नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत आणि डॉट ५.१ किमान २६० पर्यंत.

आकडे बरे वाटतात, पण हे द्रव हवेतली ओल शोषतं. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून, दर पावसाळ्यात थोडं थोडं पाणी आत मुरत जातं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की त्याला ‘वेट’ अवस्था म्हणतात. तेव्हाची किमान मर्यादा डॉट ३ ला १४० अंश, डॉट ४ ला १५५ आणि डॉट ५.१ ला १८० एवढीच उरते. म्हणजे दोन-तीन वर्षं न बदललेलं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळू शकतं. रोज ऑफिसला जाताना हे कधीच कळत नाही, कारण शहरात ब्रेक तेवढे तापतच नाहीत. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळतं.

म्हणून ट्रॅक डेच्या आधी, शक्यतो आदल्या आठवड्यातच, सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरायचं. टाकीत वरून थोडं ओतून चालत नाही. चारही चाकांच्या निप्पलमधून जुनं, काळपट झालेलं द्रव बाहेर येऊन स्वच्छ नवं दिसेपर्यंत ते काढावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला चांगल्या कंपनीचं ताजं डॉट ४ किंवा डॉट ५.१ बहुतेक वेळा पुरतं. रेसिंगसाठीची काही द्रवं ३०० अंशांच्याही पुढे टिकतात. ती महाग असतात आणि लवकर बदलावी लागतात, पण गाडी जड किंवा जास्त ताकदीची असेल तर तो खर्च सार्थ आहे.

दुकानात दोन गोष्टी सांभाळायच्या. डबी सीलबंदच घ्यायची. फडताळात उघडी राहिलेली अर्धी डबी हवेतली ओल पिऊन बसलेली असते. आणि डॉट ५.१ मागितल्यावर डॉट ५ हातात आलं तर परत करायचं. नाव जवळचं असलं तरी डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि साध्या गाड्यांसाठी नसतं.

हवा काढायचं काम दोघांचं. एक जण सीटवर बसून पेडल दाबून धरतो, दुसरा खाली निप्पल सैल करतो, द्रव बाहेर येतं, निप्पल घट्ट होतो आणि मगच वरचा पाय उचलतो. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. आधी कोणतं चाक घ्यायचं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. सगळ्या गाड्यांना एकच नियम लागू होत नाही. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत मारायचं नाही, कारण मास्टर सिलिंडरच्या कधीच न वापरलेल्या भागात गंज किंवा घाण असते आणि ती सील फाडते. हे द्रव रंगावर सांडलं तर रंग जातो, तेव्हा जवळ पाणी ठेवलेलं बरं.

पॅड: घट्ट पेडल आणि तरी न थांबणारी गाडी

ब्रेक उतरण्याचा दुसरा प्रकार वेगळा आहे. यात पेडल घट्टच लागतं, पाय जोरात दाबतो, पण गाडी पाहिजे तशी थांबत नाही. इथे द्रव ठीक असतं, पॅड दमलेले असतात. पॅडमधला चिकटवणारा पदार्थ अति तापला की त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यातली पकड कमी होते. साध्या पॅडचा जोर साधारण तीन-चारशे अंशांनंतर ओसरायला लागतो.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यावरून काय बदलायचं ते ठरतं. पेडल मऊ झालं तर द्रवाकडे बघायचं. पेडल घट्ट असूनही ब्रेक लागत नसेल तर पॅडकडे.

मग थेट रेसिंगचेच पॅड का लावू नयेत? कारण ते तापल्यावरच नीट पकडतात. थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षाही कमी असू शकते. शिवाय ते करकरतात, चाकं काळी करतात आणि डिस्क लवकर खातात. पुणे ते चेन्नई अंतर साधारण १,२०० किलोमीटर आहे. महाराष्ट्रातले बरेच हौशी गाडी ट्रेलरवर न टाकता चालवतच नेतात. त्यांनी शुद्ध रेसिंग पॅड घरूनच लावून निघायचं म्हणजे पहाटे सहाला हायवेवर समोर कुत्रं आल्यावर थंड पॅडवर विसंबायचं. एक तर रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक अशा दोन्हींसाठी बनवलेले मधले पॅड घ्यावेत, नाहीतर ट्रॅकचे पॅड डिकीत ठेवून तिथे पोहोचल्यावर बदलावेत आणि निघताना पुन्हा जुने लावावेत.

पहिल्याच ट्रॅक डेला, गाडी हलकी असेल आणि चालक शिकाऊ असेल, तर कंपनीचे चांगल्या स्थितीतले पॅडही चालून जातात. अट एकच, त्यांचा थर निम्म्याहून जास्त शिल्लक हवा. पातळ झालेला पॅड उष्णता अडवत नाही. ती सरळ पिस्टनमधून ब्रेक ऑइलकडे जाते. म्हणजे झिजलेले पॅड द्रव उकळायलाही हातभार लावतात.

नवे पॅड लावले की ते ‘बसवावे’ लागतात. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढावा आणि पॅडमधले सुरुवातीचे वायू निघून जावेत, यासाठी मोकळ्या, सुरक्षित जागी वेग मध्यम ठेवून जोरकस ब्रेक मारायचे, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, वेग कमी झाला की पुन्हा वाढवायचा. असं आठ-दहा वेळा केल्यावर काही मिनिटं ब्रेक न वापरता गाडी फिरवून ते निवू द्यायचे. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते आणि ती खोक्यावर किंवा आतल्या कागदावर लिहिलेली असते. न बसवलेले पॅड घेऊन ट्रॅकवर गेल्यास पहिल्याच कडक ब्रेकमध्ये पकड अचानक जाऊ शकते.

डिस्क, नळ्या आणि मागचे ड्रम

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या जवळ आलेली डिस्क ट्रॅकवर न्यायची नाही. कमी लोखंड म्हणजे कमी उष्णता साठवण्याची जागा. डिस्कच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा उष्णतेमुळे येतात, त्यात फारसं काही नाही. रेष नखाला अडकत असेल किंवा कडेपर्यंत पोहोचली असेल तर डिस्क बदलायची. दिसायला भारी म्हणून भोकं पाडलेल्या डिस्क घेणारे खूप आहेत, पण ट्रॅकच्या उष्णतेत तडे बऱ्याचदा त्या भोकांपासूनच सुरू होतात. साधी, आतून हवा खेळणारी डिस्क जास्त भरवशाची.

ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं की लगेच ‘डिस्क वाकली’ असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो, आणि ते घडतं तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केल्यामुळे.

रबरी नळ्यांना भेगा, फुगवटा, ओल दिसली तर त्या बदलायच्याच. स्टीलच्या जाळीच्या नळ्या लावल्या तर पेडल अधिक घट्ट आणि नेमकं लागतं, पण त्यांनी उष्णता कमी होत नाही. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. मागे भार कमी येत असल्याने ते सहसा त्रास देत नाहीत. लायनर झिजलेले नाहीत, सिलिंडर गळत नाही आणि हँडब्रेक नीट सुटतो एवढं बघितलं की झालं.

आणि मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर? पहिल्या वर्षी गरज नाही. जोरात दाबल्यावर चाकं लॉक होण्याइतकी किंवा एबीएस चालू होण्याइतकी ताकद साध्या ब्रेकमध्येही असते. त्यापुढे गाडी किती लवकर थांबेल हे टायर ठरवतो. मोठ्या डिस्कचा खरा फायदा जास्त उष्णता पचवण्यात आहे, आणि ती गरज चालकाचा वेग वाढल्यावर येते. ते पैसे आधी टायरवर घालावेत.

ट्रॅकवर

पहिली फेरी ब्रेक आणि टायर गरम करण्यासाठी. मधल्या फेऱ्यांत ब्रेक सरळ रेषेत, ठामपणे मारायचा आणि सोडायचा. नवखे लोक घाबरून लांबूनच हलका पाय ठेवून जातात. त्यामुळे दोन वळणांमध्ये ब्रेकला निवायला वेळच उरत नाही. ईएसपी बंद करायचा मोह टाळायचा. मात्र ते चालू असताना गाडी सावरायला चाकांचे ब्रेक आपोआप वापरते, हे लक्षात असू द्यावं. सतत घसरणारी गाडी ब्रेकही सतत तापवत असते.

पेडल नेहमीपेक्षा थोडं खोल गेलं तर ‘एक फेरी अजून’ म्हणायचं नाही. त्याच क्षणी वेग कमी करायचा आणि पिटमध्ये यायचं. लांब पट्ट्याच्या शेवटी पेडल तळालाच गेलं तर ते भराभर पंप करायचं, गिअर एकेक करून खाली आणायचे आणि वळण घेण्याचा हट्ट न धरता बाहेरच्या मोकळ्या जागेत गाडी सरळ जाऊ द्यायची.

शेवटची फेरी निवण्यासाठी. ती टाळून थेट पिटमध्ये येणं ही फार नेहमीची चूक आहे. पळणाऱ्या गाडीच्या ब्रेकला वारा लागतो. उभ्या गाडीत वारा थांबतो आणि लाल तापलेल्या डिस्कची सगळी उष्णता कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. ट्रॅकवर न उकळलेलं द्रव पिटमध्ये उभं असताना उकळतं ते असं. त्याच कारणाने पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, पेडलवर पाय ठेवायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा किंवा वीट लावायची. ब्रेक निवल्यावर चाकांचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट आहेत ना, ते पान्याने पुन्हा तपासायचं.

परतीच्या रस्त्याआधी

सगळ्यात फसवी गोष्ट इथे घडते. दुपारी पेडल मऊ झालेलं असतं, संध्याकाळी गाडी निवते आणि पेडल बऱ्याचदा पुन्हा घट्ट लागतं. ‘झालं ठीक’ म्हणून लोक घरी निघतात. प्रत्यक्षात वाफ थंड होऊन पुन्हा द्रव झालेली असते. द्रव मात्र तेच, एकदा उकळलेलं. पुढच्या घाटात ब्रेक तापले की बुडबुडे पुन्हा तयार होतील, तेही या वेळी डिकीत सामान आणि मागच्या सीटवर मित्र असताना. पेडल एकदा जरी मऊ झालं असेल तर निघण्यापूर्वी तिथेच नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढायची. एक सीलबंद डबी, निप्पलचा पाना आणि पारदर्शक नळीचा तुकडा सोबत ठेवला तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. सोबत पॅडची जाडी, डिस्कवरचे तडे आणि कॅलिपरभोवतीचं रबर जळलंय का तेही बघून घ्यायचं.

विम्याचं कलमही जाण्याआधीच वाचावं. भारतातल्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला घासलेल्या बंपरचा खर्च स्वतःच्या खिशातून जाण्याची तयारी ठेवूनच फॉर्म भरायचा, आणि आपल्या पॉलिसीत नेमकं काय लिहिलंय ते विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यायचं. नवे पॅड बसवण्याच्या निमित्ताने रात्रीच्या रिकाम्या हायवेवर गाडी पळवायचा विचार असेल तर तोही सोडलेला बरा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.